सगळं कागदाचं!

खुर्च्या घसरतायत. टेबलं, कुंड्या, ताटल्या, काउंटरवरचं सामान, सगळं एका बाजूला भर्रकन जातं, भिंतीवर आपटतं, क्षणभर दम खातं आणि पुन्हा उलटं सुटतं. प्रवासी बोटीतलं उपाहारगृह. बाहेर समुद्र खवळलाय हे न दाखवताही कळतं. माणूस मात्र एकही नाही. जेमतेम दीड-दोन मिनिटांची फिल्म मैत्रिणीने पाठवली होती, बघून होते न होते तोच तिचा पुढचा मेसेज: "सगळं कागदाचं आहे हं!"

कागदाचं? परत लावली. अहो, खरंच! खुर्ची कागदाची, तिच्यामागची भिंत कागदाची, घरंगळणारं प्रत्येक चिटुकलं-पिटुकलं कागदाचं. आणि छोटं मॉडेल वगैरे नाही, अख्खी खोली खऱ्या मापाची! त्या रात्री स्वयंपाक उशिरा झाला आणि कुणी काही बोललं तर मला ऐकूही आलं नाही.

ही फिल्म करणाऱ्या माणसाचं नाव थॉमस डेमांड. जर्मन, जन्म १९६४चा. २००८ मध्ये 'पॅसिफिक सन' नावाची बोट वादळात सापडली, आतल्या सीसीटीव्हीचं चित्रण इंटरनेटवर फिरलं आणि त्यावरून त्याने २०१२ मध्ये त्याच नावाची ही फिल्म केली. वस्तू केसभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायची. असे सुमारे २४०० फोटो! (युक्ती जुनीच. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यांना असंच नाचवलं होतं. पण काड्या वेगळ्या आणि अख्खं उपाहारगृह वेगळं.)

मग मी त्याची मिळतील तेवढी कामं धुंडाळत सुटले. मूळचा हा शिल्पकार. ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकलेला. कागदाची शिल्पं करायचा, ती टिकायची नाहीत, म्हणून नोंद राहावी एवढ्यासाठी फोटो काढायला लागला. आणि १९९३च्या सुमारास गाडीने उलटा रूळ धरला: आता शिल्प करायचं तेच फोटोसाठी. वर्तमानपत्रातला, मासिकातला एखादा फोटो घ्यायचा, त्यातली जागा रंगीत कागद-पुठ्ठ्यातून हुबेहूब उभी करायची, मोठ्या कॅमेऱ्याने टिपायची आणि बहुतेक वेळा शिल्प मोडून टाकायचं. महिनोन् महिने खपून केलेलं! उरतो तो भिंतभर फोटो, वर चकचकीत अॅक्रिलिक, चौकट नाही.

'क्लिअरिंग' नावाचं २००३चं काम सासूबाईंना दाखवलं. दाट पानांतून ऊन तिरपं झिरपतंय, जवळपास पाच मीटर रुंदीचं चित्र.

"कुठलं गं हे रान? आपल्या आंबोलीसारखं दिसतंय."

"कागदाचं आहे, आई. दोन लाख सत्तर हजार पानं कापलीत."

त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाल्या, "मग एकही पान किडकं कसं नाही, हे आधीच ध्यानात यायला हवं होतं."

नेमकं हेच! आधी डोळा बिनतक्रार विश्वास ठेवतो आणि मग कुठेतरी खडा लागतो. २०११चं 'कंट्रोल रूम' बघा. भूकंप आणि त्सुनामीनंतरच्या फुकुशिमा अणुभट्टीचा नियंत्रण कक्ष. छताचे पत्रे लोंबतायत, समोर पॅनेलवर पॅनेल, बटणांच्या ओळीच्या ओळी, आणि एकाही बटणाखाली अक्षर नाही. आकडा नाही, धुळीचा कण नाही, बोटाचा डाग नाही. अंगावर काटा येतो तो इथे. जगाने श्वास रोखून बघितलेली खोली, आणि आता तिथे काय चालू आणि काय बंद, हे सांगणारं काहीच उरलेलं नाही.

'बाथरूम' (१९९७) त्याहून भयंकर. भरलेला टब, भिंतीच्या टाइल्स, चुरगळलेली पायपुसणी. ठीक आहे, हॉटेलचं न्हाणीघर. मग कळतं, १९८७ मध्ये जिनिव्हातल्या हॉटेलात उवे बार्शेल हा जर्मन राजकारणी, एका प्रांताचा नुकताच पायउतार झालेला मुख्यमंत्री, अशाच टबात मृत सापडला होता आणि तो फोटो 'श्टेर्न' साप्ताहिकाने छापला होता. डेमांडने टब ठेवला, माणूस काढून टाकला. जर्मनीत ज्याने मूळ फोटो पाहिलाय त्याला तो माणूस दिसणारच. मी पाहिला नव्हता, तरी ती चुरगळलेली पायपुसणी बघून जिवात कालवाकालव झाली.

आमच्या घरातल्या एका शहाण्याचं म्हणणं, ही कला नव्हे, नुसती चिकाटी. चिकाटीच बघायची तर गणपतीच्या मखरासाठी रात्रभर जागणारी पोरंही दाखवता येतील. पण मखर बघून मला उद्याचा पेपर वेगळा दिसत नाही. डेमांडची कामं पाहिल्यापासून बातमीतला प्रत्येक फोटो मी आधी रिकामा करून बघते. माणसं काढली, पाट्या काढल्या, तर या खोलीतलं मला खरोखर किती ठाऊक आहे? बरेचदा काहीच नाही.

आणि आता ऐका. एक शिल्प त्याने मोडलं नाही! 'ग्रोटो', २००६: मायोर्काच्या एका गुहेचं पोस्टकार्ड बघून कित्येक टन करड्या पुठ्ठ्याचे थरावर थर रचून केलेली गुहा. मिलानला फोंदात्सिओने प्रादा या संस्थेत ती ठेवली आहे, फोटो आणि पुठ्ठ्याची गुहा दोन्ही, जोडीला ती पोस्टकार्डंसुद्धा. माझा भाचा मिलानमध्येच नोकरीला आहे. लगेच फोन लावला.

"मावशी, पुठ्ठ्याची गुहा? रविवारी झोपायचं असतं गं मला."

"झोप नंतर. आधी फोटोसमोर उभा राहा, मग गुहेसमोर, आणि दोन्हींतलं कुठलं खरं वाटतं ते मला तिथूनच सांग."