तीस वर्षांचा पट्टा

आमच्या अकोल्याच्या फ्लॅटची जमीन नझूलची आहे. नझूल म्हणजे शहरातली सरकारी मालकीची जमीन. विदर्भात ती लिलावाने किंवा प्रीमियम घेऊन तीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिली गेली. लोकांनी तिच्यावर घरं बांधली, पुढे काही घरं पाडून अपार्टमेंट उभी राहिली. आमची बिल्डिंग त्यातलीच. आखीव पत्रिकेवर मालक 'महाराष्ट्र शासन', पट्टेदार मूळ प्लॉटवाले. बाबांनी पंधरा वर्षं हप्ते भरले, पण त्यांचं नाव तिथे कुठेच नाही.

पट्ट्याची मुदत 2018 साली संपली. सबस्क्रिप्शन संपलं तरी ॲप चालूच, असं आमचं कित्येक वर्षं चाललंय. पाणी येतं, वीज येते, मालमत्ता कर नेमाने भरला जातो. फक्त विकायला गेलं की अडतं.

आणि विकायचंय, कारण आईचे गुडघे गेलेत. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मावशी अमरावतीला राहते, तिच्या गल्लीत तळमजल्याचं घर मिळतंय. अकोल्याचा फ्लॅट घेणाराही मिळाला होता, पण त्याच्या बँकेने पट्टा बघून कर्ज नाकारलं. आईला हे समजावता समजावता मी थकलो. तिचा एकच प्रश्न, "घर आपलं हाये ना? मंग किराया कोनाचा?"

तसा अख्खा वऱ्हाडच एकेकाळी पट्ट्यावर होता. 1853 साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी तो इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1902 साली कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये ठरवून तो कायमचा पट्ट्याने घेतला. कापूस इथला, कारभार इंग्रजांचा, मालकी हैदराबादची. 1936 साली निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताबही मिळाला. त्या प्रिन्सचं वऱ्हाडात काय चालत होतं, हे मला आमची आखीव पत्रिका बघून नीट कळलं.

नागपूर आणि अमरावती विभागातल्या निवासी नझूल जमिनींसाठी सरकारने विशेष अभय योजना आणली होती. बाजारमूल्याच्या 2 टक्के भरा, जमीन कायमची मालकीची करून घ्या. मुदत होती 31 जुलै 2025. समजा जमिनीची किंमत दीड कोटी, तर तीन लाख. बारा फ्लॅट, म्हणजे प्रत्येकी पंचवीस हजार, वर थकलेलं भुईभाडं. पुण्यात एवढ्यात महिन्याचं घरभाडंही भागत नाही. योजना चांगली होती, हे मी मनापासून म्हणतोय.

पण ती एक प्लॉट, एक मालक असं धरून चालत होती. आमच्या प्लॉटवर बारा कुटुंबं, आणि अर्ज मात्र मूळ पट्टेदाराच्या नावाने. ते वारले. वारस तीन, तीन गावांत. एकाला वाटतं, सही दिली म्हणजे आपला काहीतरी हक्क गेला. त्यासाठी मी मावशीकडे मुक्काम ठेवून अमरावती-अकोला खेपा घालतोय. याच रस्त्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला होता. माझा कागद आठ महिने झाले, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातोय.

वारसांच्या सह्या शेवटी मिळाल्या. अकरा फ्लॅटवाल्यांनी पैसेही काढले. अडलंय दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंपाशी. गच्चीवरच्या बैठकीत मी लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "आमच्या यायनं एकदा पैसे देल्ले ना बिल्डरले? आता हे कायचे?"

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. त्या घरापायी काकांनी शेत विकलं होतं, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. करारात पट्ट्याचा उल्लेख आहे, सतराव्या पानावर, बारीक इंग्रजीत.

नंतर मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "काकू, तुमचा वाटा मी भरतो."

"पैशाचं नोको सांगू मले. पावती कायची भेटन, थे सांग."

पावती सरकारच्या नावाची, जमिनीच्या अधिमूल्याची. मी तसं सांगितलं. त्यांनी चहा ठेवला, साखर किती विचारली. सहीचं त्या काही बोलल्या नाहीत. जुलैला तेव्हा अजून सात आठवडे होते, रविवारी परत जाणार होतो.