हातचा नसलेला हार

एसएसएलसीला मला गणितात ९२ मार्क पडले. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले आणि महिन्याभरात बोरमाळ करून आणली. बोरमाळ आली म्हणजे काय ते आम्हा पोरींना सांगावं लागत नसे. बेळगावच्या कॉलेजचा विषय आईनं एकदाच काढला. "एवढं शिकून कुणाचे हिशेब लिहिणार हाय ती?" अण्णा म्हणाले. मी गप्प.

पुढं चाळीस वर्षं सासरच्या दुधाचे, भाताच्या पोत्यांचे हिशेब मीच लिहिले, ते सोडा.

गेल्या चातुर्मासात बस्तीतल्या कपाटाची झाडलोट आम्हा बायकांकडं आली. त्यात 'गणितसारसंग्रह' हाती लागला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं १९६३ साली हिंदी अनुवादासह काढलेला. कर्ते महावीराचार्य, नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. इतक्या वर्षांच्या स्वाध्यायात हे नाव मी ऐकलं नव्हतं. बाकीच्यांनी गणित बघून पुस्तक पुसून ठेवलं. मी घरी आणलं.

त्यात गुणाकाराचं एक उदाहरण आहे. २,७९,९४,६८१ ला ४४१ नं गुणायचं. उत्तर १२३४५६५४३२१. बारा अब्जांच्या वरची संख्या, पण एकपासून सहापर्यंत चढते नि तशीच उतरते. कुठूनही वाचा, तीच. अशा संख्यांना आचार्य गळ्यातला हार म्हणतात!

रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला. जमला, पण असं का होतं ते कळेना. मग वर्गमूळ काढलं. हात रीत विसरला नव्हता. आलं १,११,१११. नुसते सहा एक! सहा एकांना सहा एकांनी गुणायचं म्हणजे एकांच्या सहा ओळी, दरेक ओळ एक घर डावीकडं सरकलेली. उभी बेरीज करत गेलं की एक, दोन, तीन, मधोमध सहा, पुन्हा उतरण. हातचा कुठंच नाही. सहा सक छत्तीस एक मांडले होते, उत्तरातल्या अंकांची बेरीजही छत्तीसच. आणि आचार्यांची गंमत बघा, ४४१ हा २१ चा वर्ग, दुसरी संख्या ५,२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५,२९१ म्हणजे तेच सहा एक.

नऊ एकांपर्यंत हार असाच वाढतो. दहा घेतले की मधल्या घरात दहा येतात, हातचा निघतो आणि सर तुटते.

सकाळी नात कॅलेंडर उलटंपालटं करून बघत होती. यंदा दहावीला आहे.

"आज्जी, हे तू केलंस? मग कॉलेजला का गेली नाहीस?"

"आधी दहा एकांचा करून दाखव," म्हटलं. बसली करत.

बोरमाळ कपाटात आहे. सून म्हणते, हिच्या लग्नात घालू. मी अजून काही बोलले नाही. पण परवा सराफाकडून तिचं वजन करून आणलंय.