थेंबाचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होडीच्या कामाला नसते. या दोन महिन्यांत जाळी विणायची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, लाकडाला माशाचे तेल चोळायचे आणि इंजिनापासून पंख्यापर्यंत सारे उघडून पाहायचे. कमाई बंद आणि खर्च चालू. म्हणून जे हाताने होण्यासारखे आहे, ते आम्ही चुलतभाऊ घरीच करतो.

आमच्या होडीचे इंजिन आत आणि पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारी पोलादी शाफ्ट होडीच्या मागच्या भागातून एका नळीवाटे बाहेर जाते. म्हणजे होडीला आपणच एक भोक पाडलेले असते आणि त्यात शाफ्ट अखंड फिरत असते. त्या भोकातून समुद्र आत येऊ नये म्हणून नळीच्या आतल्या तोंडाशी ग्लँड बसवतात. ग्लँडमध्ये चरबी किंवा ग्रीस मुरवलेल्या चौकोनी दोरीचे वेढे असतात. त्याला पॅकिंग म्हणतात. दोन नट आवळले की दोरी दाबली जाते आणि शाफ्टला बिलगते.

एका हंगामाच्या अखेरीस आमची ग्लँड तापू लागली. नट सैल केले की पाणी धो धो येई, आवळले की हात लावता येत नसे. शहरातल्या एका वर्कशॉपवाल्याने येऊन पाहिले आणि शाफ्ट, नळी सगळे नवे घ्या म्हणून सांगितले. त्या खर्चात वर्षाची शिल्लक गेली असती आणि सोसायटीचा हप्ता थकला असता. थोरल्या चाचांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "आधी उघडा तर. न उघडता दुखणे कसे कळले त्याला?"

होडी वर ओढल्यावर आम्ही ग्लँड उघडली. जुनी दोरी आकड्याने एकेक वेढा ओढून काढली. ग्रीस केव्हाच संपून ती सुकलेल्या लाकडासारखी कडक झाली होती. चाचांनी शाफ्ट रॉकेलने पुसली, डोळे मिटले आणि अंगठ्याचे नख तिच्यावरून आडवे फिरवले. नख अडकले तर शाफ्टला खाच पडली असे समजायचे. मग नवी दोरी भरूनही पाणी थांबत नाही. नख कुठे अडकले नाही. शाफ्ट शाबूत होती, दुखणे दोरीचे होते.

नवी दोरी भरायचीही रीत आहे. लांब दोरी गुंडाळून कोंबायची नाही. शाफ्टवर वेढा घेऊन, तिरपा काप देऊन एकेक कडे वेगळे कापायचे. प्रत्येक कड्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून दूर ठेवायचा, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. नट दोन्ही बाजूंनी सारखे फिरवायचे आणि सुरुवातीला फक्त बोटांनी.

होडी पाण्यात उतरवल्यावर चाचांनी दोन दिवस इंजिनाला हात लावू दिला नाही. लाकडी होडी जमिनीवर एका आकाराची असते आणि पाण्यात दुसऱ्या. फळ्या फुगतात, कणा किंचित हलतो. वर सरळ दिसलेली शाफ्ट खाली तिरपी निघते आणि तिरपी शाफ्ट पॅकिंग एका बाजूने खाते. म्हणून गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्यामधला जोड पाण्यात असतानाच तपासायचा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी पातळ पत्ती घालून फट मोजायची. चारही फटी सारख्या येईपर्यंत इंजिनाच्या पायाखालचे नट फिरवत राहायचे. त्यात आमचा अख्खा दिवस गेला.

मग होडी दोरांनी बांधून इंजिन चालू केले. लुंग्या वर खोचून आम्ही बॅटरीच्या उजेडात ग्लँडकडे पाहत बसलो. पाणी टिपकत होते. धाकट्याने पान्याला हात घातला तसे चाचा म्हणाले, "राहू दे. पाणी येऊ दे, पण मोजून येऊ दे." शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब आलेच पाहिजेत. तोच थेंब दोरीला थंड ठेवतो. एकही थेंब येऊ नये म्हणून जो आवळतो, तो दोरी जाळतो आणि शेवटी शाफ्टही कापतो.

आम्हाला सभा-संमेलनांत अजून विचारतात, "तुम्ही घरी उर्दूच बोलत असाल ना?" असे विचारणाऱ्याला एकदा त्या इंजिनखोलीत बसवावेसे वाटते. तिथे सुकाणू आणि खलाशी अरबीतून आलेले, बंदर फारसीतून, शाफ्ट आणि ग्लँड इंग्रजीतून. या सगळ्यांना एका वाक्यात बांधणारी क्रियापदे मात्र आमच्या किनाऱ्यावरच्या मराठीची. आवळ, सैल कर, ठास, टिपकू दे. इंजिन सुरू करताना तोंडून बिस्मिल्ला निघते आणि पुढचेच वाक्य "जरा मागे सर" असते. आम्हाला यात कधी सांधा दिसलेला नाही.

काळजी वेगळीच आहे. चाचांना लिहिता येत नाही. घरातली शिकलेली मुले आखातात गेली. इंजिनाबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्यात आमच्या होडीच्या फुगणाऱ्या फळ्यांबद्दल एक ओळ नाही. चाचांच्या नखात आणि कानात जे आहे, ते त्यांच्याबरोबर गेले तर पुढच्या वेळी वर्कशॉपवाला सांगेल ते मुकाट्याने मान्य करावे लागेल.

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. दोरीची जाडी, कड्यांची संख्या, चार फटींची मापे, कोणत्या महिन्यात काय बदलले, सारे मराठीत लिहिलेले. चित्रे वेडीवाकडी आहेत, पानांना ग्रीसचे डाग आहेत. यंदा बारावीला असलेल्या पुतण्याने ती वही समोर ठेवून पॅकिंग भरले. चाचा फळीवर बसून गप्प होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "थेंब किती?"

"तीन," तो म्हणाला.

"लिही," चाचा म्हणाले.