पाणी बक्कळ असलेल्या गावात ठिबक

उंब्रज कृष्णा-तारळीच्या संगमावरचं गाव. इथे ठिबक सिंचनाचं दुकान काढलं तेव्हा व्यापारी मित्र विचारायचे, "दोन नद्यांच्या गावात ठिबक घेणार कोण?" प्रश्न रास्त होता. कंपनीच्या माहितीपत्रकात पहिला मुद्दा पाण्याच्या बचतीचा. दुष्काळी माण-खटावला तो लगेच पटतो. आमच्याकडचा ऊस उत्पादक मान डोलावतो, चहा पितो आणि निघून जातो.

मग मी विक्रीचा विषय न काढता शिवारं फिरायला लागलो. एका बांधावर ऊस लावणारे एक तात्या म्हणाले, "पाणी बक्कळ हाय रं, पर रातच्याला दारं धरायला कोण जाणार? ल्योक पुण्याला, आन् उसात बिबट्या." माझ्या धंद्याचं धोरण त्या वाक्यातून ठरलं. शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात म्हातारी माणसं बॅटरी घेऊन सरीसरीने चिखल तुडवतात. ठिबकला ऑटो स्टार्टर जोडला, की लाईट येताच मोटार सुरू होते आणि घरात झोपलेल्या माणसाच्या उसाला पाणी मिळतं. मी हेच सांगायला लागलो. अति पाण्याने वाळवा-शिरोळकडे जमिनी क्षारपड झाल्या, हा मुद्दा त्यानंतर आपोआप ऐकला जाऊ लागला.

पण ऐकणं वेगळं, पैसे मोडणं वेगळं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला तेव्हा लोखंड जमिनीत विष कालवेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यांनी नेट सोडला नाही. 1910 मध्ये कुंडलच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तोच नांगर घरोघरी गेला. म्हणून मीही नेट न सोडता तात्यांच्याच रानात अर्ध्या तुकड्याला ठिबक जोडलं, अर्ध्याला पाटपाणी ठेवलं. येणारा-जाणारा बांधावर थांबून दोन्हीकडचे फुटवे बघायचा आणि प्रश्न तात्यांना विचारायचा. माझ्या शंभर शब्दांपेक्षा त्यांच्या "बरं हाय की" याला वजन होतं.

पुढचं काम दुकानातल्या फिटर पोरांनी केलं. नळ्यांची टोकं वेळच्या वेळी सोडली नाहीत तर गाळ बसतो, ड्रिपर तुंबतात आणि अख्ख्या गावात ठिबकचं नाव खराब होतं. टोक उघडलं की आधी तांबूस गढूळ पाणी येतं, मग निवळ. ते निवळ येईपर्यंत थांबायचं आणि शेतकऱ्याच्या हाताने एकदा करून घ्यायचं, ही रीत एका फिटरनेच पाडली. मी ती सगळ्यांना लावली. व्हॉल्व्ह कुठे बसवायचा हेही तेच ठरवतात, कारण रानाचा उतार त्यांच्या पायाखाली असतो.

कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी फिरले. त्या फिरण्यात त्यांना शाळेविना राहिलेली पोरं दिसली, आणि 1919 मध्ये इथून जवळच, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था उभी राहिली. विकायला गेलेल्या माणसाने डोळे उघडे ठेवले तर केवढं काम उभं राहतं, याचा दाखला आमच्याच तालुक्यात आहे. म्हणून धंदा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: आठवड्यातला एक दिवस खुर्ची सोडून गिऱ्हाइकाच्या बांधावर जा, आणि त्या दिवशी काहीही विकू नका.