समासातली पद्मिनी

१/ बखरी आणि ताम्रपट आपण जपतो. गोंदियातील आमच्या घरी प्रीमियर पद्मिनीचे जीर्ण वर्कशॉप मॅन्युअल आहे. इतिहासाचे साधन म्हणून मी तेही वाचतो.

२/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. इटलीच्या फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे; फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

३/ परवाना राजवटीत नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून हाती आलेली गाडी टिकवणे भाग होते. कार्ब्युरेटर खोलून साफ करणे, फीलर गेजने टॅपेटचे अंतर जुळवणे ही कामे कित्येक मालक स्वतः करीत.

४/ आमच्या प्रतीच्या समासात वडिलांच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत: ऑइल कधी बदलले, पॉइंट कधी घासले, कोणता भाग मुंबईहून रेल्वेने मागवला. छापील मजकूर कारखान्याचा, समास आमच्या घराचा. गाडी केव्हाच विकली गेली; वडिलांचे हस्ताक्षर मात्र या पानांवरच उरले आहे.

५/ आपल्या घरी अशी पुस्तिका असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी तिचे समास अवश्य वाचावेत.