मेजावरची बाटली

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर, एका जोडप्याने आम्हांला चर्चच्या पायरीवर गाठले. त्यांच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होत होती आणि घरच्या घरीच तीस-चाळीस माणसांना जेवण द्यायचे होते. यजमान जरा संकोचून म्हणाले, "फादर, वाइन ठेवायचा विचार आहे. बरी असावी, पण खिशाला परवडावी. तुम्हांला त्यातले कळते म्हणून विचारतो."

आम्हांला त्यातले कळते, हा समज धर्मग्रामात कसा रूढ झाला ते आम्ही जाणतो. जो माणूस रोज सकाळी वेदीवर द्राक्षारस घेतो तो जाणकार असणारच! वस्तुतः चषकात असतो तो घोटभर, त्यातही पाण्याचा थेंब मिसळलेला. ख्रिस्तसभेच्या कायद्याची अट एवढीच की तो द्राक्षांपासून झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. चवीबद्दल कायदा मौन पाळतो आणि आम्हीही. 'द्राक्षारस' या शब्दानेही घोटाळा केला आहेच. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका चिमुरडीने आम्हांला विचारले होते, "फादर, काना गावच्या लग्नात येशूने सरबत केले का?" सहा रांजण भरून केलेली ती वस्तू सरबत नव्हती, हे सांगताना आमची तारांबळ उडाली.

आमचे खरे शिक्षण झाले ते नाशिकला. सेमिनरीतील आमचा एक वर्गबंधू त्या बाजूस होता. त्याच्या ओळखीच्या एका द्राक्षबागाईतदाराने आम्हांला दिंडोरीकडचा आपला मळा हिंडून दाखवला. एप्रिलमधली खरड छाटणी, पावसाळा सरताना होणारी गोड्या बहाराची छाटणी आणि जानेवारी ते मार्चमधली तोडणी, असे वेलीचे वर्ष त्याने समजावून सांगितले. युरोपात द्राक्षे शरदात उतरतात, आपल्याकडे हिवाळा सरता सरता. कारण इथल्या पावसात घड कुजतो. खायची थॉम्पसन मोठी आणि बिनबियांची, तर वाइनची द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांची. पानमळ्याच्या वाडीत वाढलेल्या आम्हांस तो मळा पाहून घरच्यासारखेच वाटले. राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाच्या परिसरात अशी द्राक्षे लावली आणि २००० साली 'सुला'च्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. त्यामुळे आज हजार रुपयांच्या आत चांगली वाइन मिळते, आणि ती आपल्याच शेतकऱ्याच्या घामाची असते. परदेशी बाटलीच्या किमतीतला मोठा भाग आयात शुल्काचा आणि करांचा असतो. तो पिता येत नाही.

तेव्हा पाहुण्यांसाठी आम्ही सुचवली ती नाशिकची शेनँ ब्लाँ. दुकानदार तिला 'चेनिन ब्लँक' म्हणतो. आपणही तसेच म्हणावे, म्हणजे लवकर मिळते. ही पांढरी, किंचित गोडसर वाइन आपल्या तिखट-आंबट जेवणाला सोसते. सोरपोतेल, इंदाल किंवा कोळंबीचे कालवण यांच्याबरोबर तुरट लाल वाइन घेतली, तर मिरचीची आग दुप्पट वाटते. शिराज ठेवायचीच असेल, तर ती भाजलेल्या मटणाबरोबर. बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव आणि तोडणीचे वर्ष पाहावे. जुनी म्हणजे चांगली, ही समजूत स्वस्त वाइनला लागू नाही. पांढरी तर वर्ष-दोन वर्षांच्या आतलीच घ्यावी. दुकानात उन्हाच्या काचेपाशी उभी ठेवलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. आणि एक गोष्ट पाहुणे हमखास चुकतात: लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हे युरोपातल्या खोलीबद्दल म्हटलेले आहे, ऑक्टोबरातल्या वसईबद्दल नव्हे. तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले होतात, त्या हिशेबाने मोजावे. उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, आणि पुढे स्वयंपाकाला उपयोगी पडते.

"आणि पोर्ट, फादर?" असे बाईंनी विचारले. आमच्या लहानपणी घरोघरच्या कपाटात पोर्ट वाइनची बाटली असे. बाळंतिणीला आणि म्हाताऱ्या माणसांना शक्तीसाठी म्हणून चमचाभर देत. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या दोउरो नदीच्या खोऱ्यातली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचा मद्यार्क ओततात, आंबणे थांबते आणि फळाची साखर शिल्लक राहते. त्या खोऱ्याची सीमा १७५६ मध्ये पोंबालच्या कारकिर्दीत आखली गेली. याच पोंबालने तीन वर्षांनी जेज्विटांना देशाबाहेर घालवले. म्हणून त्याच्या नावाने पेला उचलावा असे आम्हांला कधी वाटले नाही. आपल्याकडे पोर्ट म्हणून विकली जाणारी स्वस्त गोड लाल वाइन ही निराळी वस्तू. आठवणीसाठी घ्यावी, चवीसाठी नको. एवढ्या गोडीखाली कोणताही दोष लपतो.

इथवर सल्ला देणे सोपे होते. यजमान मोटारसायकल आणायला गेले तेव्हा बाई मागे रेंगाळल्या. म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ येणार आहे. दीड वर्ष झाले, त्याने थेंबाला हात लावलेला नाही. ह्यांना म्हटले तर म्हणतात, वाइन म्हणजे काही दारू नव्हे."

वाचकहो, हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा तर ते साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. आम्हांला ते मान्य नाही. १५० मिलिलिटर वाइनमध्ये जेवढा मद्यार्क असतो, जवळपास तेवढाच ४५ मिलिलिटर व्हिस्कीत असतो. पौलाने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, ते वचन आमच्या धर्मग्रामातल्या प्रत्येक पिणाऱ्यास पाठ आहे. त्यातला 'थोडा' मात्र आठवत नाही.

पण आम्ही उपदेश करायला लागलो की एक जुना नाताळ आठवतो. तेव्हा आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो, नवे होतो. कुणीतरी भेट दिलेली बाटली घेऊन एका घरी आशीर्वादाला गेलो आणि ती हौसेने घरधन्याच्या हातात दिली. तो सात महिने कोरडा होता, हे आम्हांला ठाऊक नव्हते. फादरांनी स्वतः आणलेली बाटली नाकारायची कशी? त्याने ती आमच्यासमोर उघडली. त्याची बायको दारात उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि आत निघून गेली. पुढचे दोन महिने त्या घराने काय सोसले, ते आम्हांला इस्टरच्या सुमारास कळले.

म्हणून त्या आठवड्यात आम्ही आमच्या एका धर्मगुरू मित्राला फोन केला. त्याच्या अनुमतीनेच हे लिहीत आहोत. तो अकरा वर्षांपूर्वी दारूतून बाहेर आला. मिस्सासाठी तो मुस्तुम वापरतो, म्हणजे आंबू लागताच थांबवलेला शुद्ध द्राक्षाचा रस. २००३ च्या जुलैत रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाने काढलेल्या पत्रात, महागुरुस्वामींच्या परवानगीने अशा धर्मगुरूंना तशी मुभा आहे. आम्ही विचारले, मेजावर वाइन मुळीच नको का? तो थोडा वेळ गप्प राहिला.

"सगळ्यांचा सण माझ्यासाठी बंद करू नका, त्याने मी अधिकच वेगळा पडतो," तो म्हणाला. "पण मला कोपऱ्यात पाण्याचा स्टीलचा पेला देऊ नका. तोच काचेचा पेला द्या आणि आत काय आहे ते विचारू नका. आणि बाटली एकाच्याच हाती असू दे. मेजावर मोकळी बाटली नको."

हे सारे आम्ही त्या बाईंना सांगितले. तसेच यजमानांनाही, जरा कडक शब्दांत. बाईंनी भावाला आधी फोन करून सरळ विचारले. तो येतो म्हणाला.

सोहळ्याच्या संध्याकाळी अंगणात दिवे लागले होते. सहा बाटल्या शेनँ ब्लाँ, दोन शिराज, मोठ्या भांड्यात बर्फात ठेवलेला काळ्या द्राक्षांचा रस आणि कोकम. पेले सगळे एकाच जातीचे, दुकानातून भाड्याने आणलेले. ओतण्याचे काम थोरल्या मुलाकडे होते, बाटल्या आत स्वयंपाकघरात. सदिच्छेचा पेला उचलताना आम्ही मुद्दाम द्राक्षाचा रस घेतला. आमच्यामागोमाग आणखी पाच-सहा जणांनी घेतला. यजमानांनीही.

आमचा मित्रही आमच्याबरोबर आला होता. जेवणानंतर पाहतो तो विहिरीच्या कठड्यावर बाईंचा भाऊ आणि तो शेजारी शेजारी बसलेले. दोघांच्या हातांत कोकम. तासभर त्यांचे काहीतरी चालले होते. परतताना गाडीत आम्ही काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही. फक्त चर्चचे फाटक आले तेव्हा म्हणाला, "पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचे आहे. तुझ्याकडे जेवायला येईन."