टॅमलपायसची चढण आणि जाड टायरची सायकल

सॅन फ्रान्सिस्को शहर मागे टाकून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन काउंटी सुरू होते. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, पूर्वेला सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर आणि मध्ये हिरव्या-पिवळ्या टेकड्यांची रांग. या साऱ्यांत उठून दिसतो तो टॅमलपायस डोंगर. स्थानिक लोक त्याला लाडाने नुसते 'टॅम' म्हणतात. उंची म्हणाल तर जेमतेम २,५७० फूट. आपल्या कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. पण हा डोंगर समुद्रसपाटीपासून थेट वर उठलेला असल्याने त्याचा रुबाब मोठा आहे. उन्हाळ्याच्या सकाळी समुद्रावरून येणारे दाट धुके त्याच्या कमरेपर्यंत चढते. वर स्वच्छ ऊन आणि खाली पांढरा समुद्र, असा देखावा मग कितीतरी वेळ पाहायला मिळतो.

शनिवार-रविवारी या डोंगराच्या पायथ्याच्या मिल व्हॅली आणि फेअरफॅक्स या गावांत सकाळपासून सायकली दिसू लागतात. आपल्याकडे 'बाइक' म्हटले की मोटारसायकल डोळ्यांपुढे येते, तिकडे मात्र बाइक म्हणजे सायकलच. आणि सायकल म्हणजे तरी कशी? जाड, खाचाखाचांच्या टायरची, रुंद हँडलची, पुढच्या चाकाला धक्के झेलणारे दांडे असलेली. आज जगभर 'माउंटन बाइक' म्हणून ओळखली जाते ती हीच. तिला हे रूप आले ते मुख्यतः याच डोंगरावर.

आगगाडी गेली, वाट राहिली

टॅमवर चढायची सर्वांत सोपी वाट म्हणजे 'ओल्ड रेलरोड ग्रेड', म्हणजे जुनी रेल्वेची चढण. १८९६ साली मिल व्हॅलीपासून शिखराजवळपर्यंत आगगाडी सुरू झाली. अंतर सुमारे सव्वाआठ मैल आणि त्यात वळणे २८१! 'जगातली सर्वांत वाकडी रेल्वे' अशी तिची जाहिरात केली जाई. आपली नेरळ-माथेरानची छोटी गाडी धावू लागली ती १९०७ साली. म्हणजे टॅमची गाडी तिच्याहून अकरा वर्षांनी थोरली. एके ठिकाणी तर डोंगराच्या एकाच उतारावर रूळ पुन्हा पुन्हा फिरून स्वतःशीच समांतर येत. खाली येताना इंजिनाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर धावणारे डबेही होते. ब्रेक सांभाळायला एक माणूस असे आणि प्रवासी टोप्या सावरीत दरीकडे बघत खाली येत. या डोंगरावरून घरंगळत येण्याची हौस सायकलीपेक्षाही जुनी, ती अशी!

पुढे मोटारी आल्या, १९२९ साली डोंगरावर मोठा वणवा लागला आणि १९३० साली रेल्वे बंद पडली. रूळ उखडले गेले, वाट मात्र राहिली. वाफेच्या इंजिनाला झेपेल असाच चढ असल्याने ती आजही सायकलस्वाराला झेपते. वाटेत 'वेस्ट पॉइंट इन' हे १९०४ सालचे लाकडी विश्रामगृह लागते. रेल्वेचे प्रवासी इथे उतरून समुद्रकाठच्या गावांकडे जाणारी घोडागाडी धरीत. आज इथे दम खाण्यासाठी सायकलस्वार थांबतात. उन्हाळ्यातल्या काही रविवारी स्वयंसेवक इथे पॅनकेकची न्याहारी करून वाढतात. घावनासारखे मऊसूत पॅनकेक आणि समोर धुक्यातून वर आलेले सॅन फ्रान्सिस्को, असा थाट असल्यावर चढण्याचे श्रम कोणाला आठवणार?

खटाऱ्यांची शर्यत

१९७० नंतरच्या वर्षांत मरिनमधली काही तरुण मुले जुन्या सायकली शोधत हिंडू लागली. १९३० आणि ४० च्या दशकांत श्विन कंपनीने वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांसाठी दणकट, फुगीर टायरच्या सायकली काढल्या होत्या. त्या आता अडगळीत पडल्या होत्या. ही मुले त्या विकत घेत, मडगार्ड वगैरे फालतू भाग काढून टाकत आणि डोंगरावरून खाली सोडत. या सायकलींना ती 'क्लंकर' म्हणत, म्हणजे खटारा! वजन सुमारे ५० पौंड. चढावर ती ढकलतच न्यावी लागे किंवा कुणाच्या तरी मालमोटारीत टाकून.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. सुमारे तीन किलोमीटरांत १,३०० फूट उतार. स्पर्धक एकेक करून सोडायचे आणि वेळ मोजायची. त्या काळच्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे, पॅडल उलटे दाबले की तो लागे. एका उतरणीत तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई आणि तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याचे नावच पडले 'रीपॅक', पुन्हा भरा! पहिल्या दिवशी ॲलन बाँड्स जिंकला. कारण साधे होते, न पडता खाली आलेला तो एकटाच होता.

शर्यती भरवायचा चार्ली केली. गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम केला तो कायमचाच ठरला. वेंडी क्रॅग ही तरुणी या उतरणीवर सायकलही चालवी आणि छायाचित्रेही काढी. त्या दिवसांचा चित्ररूप इतिहास आज उपलब्ध आहे तो मुख्यतः तिच्यामुळे.

सतत मोडणाऱ्या सायकलींना ही मंडळी वैतागली होती. मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे, दुसऱ्या सायकलींचे गिअर असे जोडकाम चालू होतेच. अखेर जो ब्रीझ या तरुणाने १९७७-७८ मध्ये डोंगरासाठीच म्हणून दहा नव्या कोऱ्या सायकली बांधल्या. १९७९ साली फिशर आणि केली यांनी टॉम रिची या कारागिराच्या सांगाड्यांवर 'माउंटनबाइक्स' नावाचा छोटा धंदा काढला आणि तेच नाव पुढे सगळ्या जातीला चिकटले. १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली 'स्टम्पजम्पर' बाजारात आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. खटाऱ्यापासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास अवघा वीस वर्षांचा! फेअरफॅक्समध्ये २०१५ साली सुरू झालेल्या सायकल संग्रहालयात तो सगळा पाहायला मिळतो.

पाठीवरच्या पिशवीत काय असते?

आजचा मरिनमधला हौशी सायकलस्वार घराबाहेर पडतो तेव्हा त्याची तयारी आपल्या ट्रेकरसारखीच असते. डोक्यावर हेल्मेट आणि हातात मोजे हवेतच. मोजे थंडीसाठी नव्हेत. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून. पाठीवरच्या पिशवीत पाणी. त्यातून निघालेली नळी थेट तोंडाशी येते, म्हणजे हँडल सोडायला नको. मग एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, पाना-पेचकस एकत्र असलेले हत्यार आणि साखळी तुटली तर जोडायला एक सुटी कडी.

जुने लोक आणखी एक वस्तू ठेवतात. मागचे गिअर ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेले असतात, तसला एक जादा तुकडा. दगडावर आपटल्यावर सांगाडा वाचावा म्हणून हा तुकडा मुद्दाम नरम ठेवलेला असतो. तो वाकला की काम भागते, पण जवळ दुसरा नसेल तर सायकल हातात धरून आठ-दहा किलोमीटर चालत यावे लागते!

सायकलही पुष्कळ बदलली. टायरमध्ये आता बहुधा ट्यूब नसते. आत पातळ चिकट द्रव असतो. काटा घुसला की तो द्रव छिद्रापाशी धावतो आणि सुकून बूच बनतो. हवा जेमतेम २० ते ३० पौंड भरायची. टायर जितका मऊ, तितका तो दगडाला धरून राहतो. १९८९ साली 'रॉकशॉक्स'चा धक्के झेलणारा पुढचा दांडा आला आणि मनगटांचे हाल कमी झाले. चाके २६ इंचांची होती, ती आता सर्रास २९ इंचांची दिसतात. ब्रेक तबकडीचे झाले. हँडलवरचे बटण दाबले की बैठक खाली जाते, म्हणजे उतारावर अंगाचा भार मागे नेता येतो. रीपॅकच्या काळात ग्रीसचा धूर काढणारी उतरण आता दोन बोटांच्या दाबाने आटोक्यात राहते.

घरी आल्यावरची कामे

सायकलचा छंद डोंगरावरून खाली आल्यावर संपत नाही. खरी कामे अंगणात सुरू होतात. आधी पाण्याने चिखल काढायचा, पण जोराच्या फवाऱ्याने नाही, कारण तो बेअरिंगमधले ग्रीस धुऊन नेतो. साखळी पुसायची, कोरडी करायची, कडीकडीवर तेलाचा थेंब सोडायचा आणि जादा तेल पुन्हा पुसून टाकायचे. ओली साखळी तशीच ठेवली तर गंजते आणि मग महागाचे दाते खात सुटते. महिन्या-दोन महिन्यांनी ब्रेकच्या पट्ट्या तपासायच्या. घरातल्या माणसांना या कामांची इतकी सवय झालेली असते की मोरीत चिखलाचे बूट दिसले नाहीत तरच चौकशी होते.

स्वतःच्या अंगाचीही तपासणी करावी लागते. टॅमच्या वाटांवर 'पॉयझन ओक' नावाचे झुडूप माजलेले असते. त्याचे तेल कातडीला लागले की दोन-तीन दिवसांनी पुरळ उठतो आणि खाज सुटते. आपल्याकडे बिब्बा उततो त्यातलाच हा प्रकार. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. म्हणून घरी येताच साबणाने अंग धुणे आले, कपडे वेगळे धुणे आले. गवतातून फिरले असेल तर गोचीड चिकटली नाही ना, हेही पाहायचे, कारण तिच्यातून लाइम नावाचा ताप येऊ शकतो.

वाट कुणाची?

पण या सुंदर डोंगरावर एक भांडण पन्नास वर्षांजवळ आले तरी मिटलेले नाही. टॅमच्या पायवाटांवर सायकलीच्या आधीपासून पायी फिरणारे लोक आहेत, घोडेस्वार आहेत. वळणावरून अचानक एखादी सायकल भन्नाट वेगाने यावी आणि सत्तरीच्या आजीबाईंनी झुडपात उडी मारावी, असे प्रसंग पहिल्या काही वर्षांत घडू लागले तेव्हा तक्रारी झाल्या. डोंगराचा मोठा भाग पाणीपुरवठ्याचे राखीव क्षेत्र आहे. उतारावर सायकलींनी चाकोऱ्या पाडल्या की पावसात माती वाहून तलावांत आणि ओढ्यांत जाते. इथल्या लॅग्युनिटस ओढ्यात कोहो जातीचे सामन मासे अंडी घालायला येतात. त्यांची संख्या आधीच घटलेली असल्याने गाळाचा प्रश्न त्यांच्या जिवावर बेततो.

परिणामी बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. उघडे राहिले ते वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेले रुंद कच्चे रस्ते. तिथेही वेगाची मर्यादा ताशी १५ मैल आणि कुणाला ओलांडताना ५ मैल. ज्या डोंगरावर जगाची माउंटन बाइक वाढली, तिथेच तिला सर्वांत जास्त मज्जाव, याची सायकलस्वारांना खंत वाटते. अरुंद वाटेवरची नागमोडी धाव हाच तर या खेळाचा जीव, असे ते म्हणतात. पायी चालणारे म्हणतात, शांतता हाच आमचा जीव, तिचे काय? दोघांचेही म्हणणे खोटे नाही, म्हणूनच वाद सुटत नाही.

त्यातून काही चांगलेही निघाले. सायकलस्वार कुदळ-फावडी घेऊन वाटा दुरुस्त करू लागले, पाण्याला बाजूने निचरा काढून देऊ लागले. पाऊस पडून गेल्यावर वाट वाळेपर्यंत सायकल बाहेर काढायची नाही, हा अलिखित नियम झाला. हँडलवर पितळी घंटी आली. मरिनमध्येच १९८८ साली मॅरिलिन प्राइस यांनी 'ट्रिप्स फॉर किड्स' ही संस्था सुरू केली. ज्यांच्या घरी सायकल घेण्याची ऐपत नाही अशा मुलांना ती सायकल आणि हेल्मेट देऊन डोंगरावर नेते. २००१ पासून उत्तर कॅलिफोर्नियात शाळकरी मुलामुलींच्या सायकल शर्यतींची लीग सुरू झाली. वेगाबरोबर रीतही शिकवायची, तर ती याच वयात.

जायचे असेल तर

सॅन फ्रान्सिस्को परिसरात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलांकडे गेलेल्या आईवडिलांनी एखादा दिवस टॅमसाठी जरूर ठेवावा. शहरातून सॉसलिटो किंवा लार्क्सपरला जाणाऱ्या फेरी बोटीत सायकल नेता येते. गोल्डन गेट पुलावरूनही सायकलने जाता येते. भाड्याने सायकली मिळतात. सायकल चालवायची नसेल तर रेल्वेची जुनी वाट पायी चढावी किंवा मोटारीने थेट शिखराजवळ जावे. मे ते ऑक्टोबर हे महिने कोरडे, पण सकाळच्या धुक्यात गारठा असतो, तेव्हा स्वेटर बरोबर हवाच. वाटेवर मागून घंटी वाजली तर उजवी बाजू धरून उभे राहावे. सायकलवाला वेग कमी करील, मान लववून 'गुड मॉर्निंग' म्हणेल आणि पुढे जाईल. आपणही हसून उत्तर द्यावे. त्या डोंगरावर सध्या तरी याच शिष्टाचारावर सगळे चालले आहे.